सनदेपर्यंत किती पोहोचले? मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, मुंबई
यांस,

विधी शाखेच्या प्रवेशासाठी पसंतीक्रमाचा अर्ज भरताना विद्यार्थ्यासमोर कॉलेजचा संकेतांक असतो, नाव असते, गाव असते, जागा किती ते असते. गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला, हेही शोधले तर सापडते. एवढ्या माहितीवर बदलापूरच्या बारावी झालेल्या मुलीने आपल्या आयुष्यातल्या पाच वर्षांचा आणि उल्हासनगरच्या बी.कॉम. झालेल्या मुलाने तीन वर्षांचा निर्णय घ्यायचा असतो. घरचे लोक पैसे मोजतात ते पुढच्या पोटापाण्यासाठी. पण या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, हे कुठेही एका जागी वाचायला मिळत नाही. मग निर्णय होतो तो ओळखीच्या कुणी सांगितले म्हणून, लोकल थेट मिळते म्हणून, किंवा कॉलेजचे नाव कानावरून गेलेले आहे म्हणून. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतल्या मुलामुलींच्या वतीने हे पत्र आपल्याला लिहीत आहे. कारण ही माहिती गोळा करण्याची आणि जाहीर करायला लावण्याची ताकद विद्यापीठाकडे आहे.

मागणी एकच आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या प्रत्येक विधी महाविद्यालयाने प्रवेश सुरू होण्याआधी आपल्या मागच्या तुकड्यांचा हिशेब जाहीर करावा, आणि विद्यापीठाने तो तपासून एकत्र प्रसिद्ध करावा. पहिल्या वर्षाला किती जण दाखल झाले, शेवटच्या सत्रापर्यंत किती टिकले, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांनी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून वकिलीची सनद घेतली, किती जण अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पदवीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांतले किती जण प्रत्यक्ष वकिली किंवा कायद्याचे अन्य काम करत होते, एवढाच तो हिशेब. अर्ध्या पानात मावेल. पण त्या अर्ध्या पानाने या भागातल्या हजारो घरांचा निर्णय डोळस होईल.

ही मागणी आत्ताच का, याला कारण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर नवीन विधी महाविद्यालये उघडण्यावर तीन वर्षांची बंदी घातली. म्हणजे येत्या काही वर्षांत आमच्या शहरांत नवे कॉलेज येणार नाही. उल्हासनगरचे नारी गुरसहानी लॉ कॉलेज, ठाण्याचे १९७२ पासून चालत आलेले टीएमसी लॉ कॉलेज, मुंबईतले १८५५ चे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, अशा आज असलेल्या संस्थांमधूनच मुलांना निवडायचे आहे. दुसरी गोष्ट, २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्याआधी महाराष्ट्रात चांगले गुण मिळवणारा ताजा पदवीधरही त्या परीक्षेला बसू शकत होता, आणि 'लॉ केले की जज्जची परीक्षा देता येते' हा अनेक घरांचा हिशेब होता. आता मधली तीन वर्षे कुठल्या तरी न्यायालयात उभे राहून काढावी लागणार. तिसरी गोष्ट, २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास, इतर मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, तीही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून येणाऱ्यांची. कितीतरी मुली यामुळे पहिल्यांदाच कायद्याकडे वळतील. वाट अरुंद झाली आहे आणि चालणारे वाढणार आहेत. अशा वेळी कुठली वाट कुठे जाते, हे सांगणे विद्यापीठाचे कर्तव्य ठरते.

आता 'नोकरी' या शब्दाविषयी. अभियांत्रिकीच्या सवयीने पालक विधी महाविद्यालयातही 'प्लेसमेंट किती?' असे विचारतात. विधी शिक्षणात या प्रश्नाला अर्थ आहे तो मोजक्या संस्थांपुरता. बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ किंवा २०१४ च्या कायद्याने उभे राहिलेले मुंबईचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ यांच्या मुलांना नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या लॉ फर्म आणि कंपन्या थेट घेतात. केंद्र सरकारच्या क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, विधी शाखेची यादी २०१८ पासून निघते. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी नोकरीला लागले आणि मधला पगार किती, हे भरून द्यावे लागते व ते सर्वांना पाहता येते. जिला राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत त्या दर्जाचा क्रमांक मिळाला आहे तिने तिथेच जावे, त्यात दुमत नाही. पण आमच्या भागातून विधी शाखेला जाणारी बहुतेक मुले त्या बाजारात नाहीत. त्यांची रोजीरोटी असणार आहे ती उल्हासनगरच्या न्यायालयात, कल्याणच्या सत्र न्यायालयात, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, सहनिबंधकांच्या आणि दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत, बँकांच्या आणि कारखान्यांच्या कायदा विभागांत. त्यांच्यासाठी 'प्लेसमेंट' हा चुकीचा प्रश्न आहे. योग्य प्रश्न आहे: इथून निघालेल्यांपैकी सनदेपर्यंत किती पोहोचले, आणि सनद घेतल्यावर टिकले किती?

काम नाही, म्हणून ही मुले टिकत नाहीत, असे कुणी म्हणेल तर त्याने ही तीन शहरे पाहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर बदलापूर किती वाढले, ते सकाळच्या फलाटावर दिसते. उल्हासनगर तर कायद्याच्या दृष्टीने राज्यातले एक वेगळेच शहर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले, ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याखाली बरॅकी आणि भूखंड लोकांच्या नावावर झाले. इथल्या एखाद्या मिळकतीची फाईल उघडली की सर्वांत तळाशी सापडते ती मिळकतीची सनद: पिवळा पडलेला इंग्रजी कागद, त्यावर कॅम्प नंबर, बरॅक नंबर, खोली नंबर आणि कोपऱ्यात चौकोनी नकाशा. त्याच्यावर आजोबांनी मुलाला दिलेला साधा करार, मग नोंदणी न झालेले खरेदीखत, मग कुलमुखत्यारपत्र, मग बिल्डरशी झालेला विकसन करार, मग महापालिकेची नोटीस. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि तो सोडवण्यासाठी विधिमंडळाला २००६ साली एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा वेगळा कायदा करावा लागला. त्या फाईलमधला प्रत्येक कागद वाचून 'हक्क कुणाचा' हे सांगू शकणारा तरुण वकील या शहरात उपाशी राहणार नाही.

अंबरनाथला औद्योगिक वसाहत आहे, आयुध कारखाना आहे, आणि तिथे कामगार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने एकोणतीस कायदे पाठ असलेल्या ज्येष्ठांनाही आता नव्याने शिकावे लागणार आहे, म्हणजे नव्या वकिलाला त्यांच्या बरोबरीने सुरुवात करण्याची संधी क्वचितच यावी तशी आली आहे. बदलापुरात गृहनिर्माण संस्थांचे जाळे आहे. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, हे दुखणे घरोघरी आहे. ती संस्थेच्या नावावर करून घेण्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा, त्याला जोडायची कागदपत्रे जमवायची, महारेराकडे तक्रार करायची, हे सगळे वकिलाचेच काम आहे. लोकलमधून पडून गेलेल्या माणसांच्या घरच्यांना १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली आठ लाखांपर्यंत भरपाई मागता येते, आणि त्यासाठी मुंबईच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणात जावे लागते. या मार्गावर तसे दुःख भोगलेली घरे शोधावी लागत नाहीत. आणि ऑगस्ट २०२४ विसरता येत नाही. बदलापुरातल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी पोलीस ठाण्यात आईवडिलांच्या शेजारी उभा राहून 'पोक्सो कायद्याप्रमाणे तक्रार आत्ताच नोंदवा' असे ठामपणे सांगणारा वकील गावातलाच असावा लागतो. फोर्टमधून तो येईपर्यंत रात्र उलटते.

म्हणून माझे मत असे की ज्याला इथेच वकिली करायची आहे त्याच्यासाठी जवळचे कॉलेज ही तडजोड समजू नये. चांगले चालवले तर ती योग्य निवड आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे किमान तीन तास, पुढे चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजपर्यंतची पायपीट वेगळी. वर्षाला दोनशे दिवस धरले तरी सहाशे तास, पाच वर्षांत तीन हजार तास लोकलच्या दारात उभे राहून जातात. तेवढ्या वेळात उल्हासनगरच्या न्यायालयात बसून किती साक्षी, किती उलटतपास, किती जामीन अर्जांचे युक्तिवाद ऐकता येतील! भाषेचाही मुद्दा आहे. १९९८ च्या अधिसूचनेपासून राज्यातल्या जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. उल्हासनगरच्या वकिलाला पक्षकाराची हकीकत अनेकदा सिंधीत किंवा हिंदीत ऐकावी लागते, मिळकतीची सनद इंग्रजीत वाचावी लागते, सातबारा मराठीत समजून घ्यावा लागतो आणि वादपत्र, कैफियत, मनाई हुकुमाचा अर्ज मराठीत लिहावा लागतो. हे कसब त्या न्यायालयाच्या आवारातच येते, आणि ज्येष्ठ वकिलाशी नाते जुळते तेही तिथेच. वकिलीत पहिले काम मिळते ते ओळखीतून. ती ओळख ज्या न्यायालयात उभे राहायचे तिथल्या बाररूममध्ये हवी.

पण हे सगळे 'चांगले चालवले तर' या तीन शब्दांवर अवलंबून आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत सत्तर टक्के हजेरी सांगितली आहे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची इंटर्नशिप सांगितली आहे, अभिरूप न्यायालय सांगितले आहे. नियम कमी नाहीत. मात्र हजेरी कागदावर आणि अभ्यास परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात गाइडवर, हे चित्र विधी शिक्षणात किती रुळले आहे, ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक कुठे पडतो ते एका उदाहरणावरून सांगतो. उल्हासनगर ही व्यापारी पेठ. इथे चेक न वटल्याच्या तक्रारी, म्हणजे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची प्रकरणे, नव्या वकिलाच्या हाती सर्वांत आधी येतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवस पैसे देण्याची संधी, ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. गाइड वाचलेल्या विद्यार्थ्याला हे तीनही आकडे पाठ असतात. पण रजिस्टर पाकीट 'घर बंद' असा शेरा मारून परत आले तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, पाकीट उघडायचे की बंदच ठेवून न्यायालयात दाखल करायचे, तक्रारीला एक दिवस उशीर झाला तर माफीचा अर्ज काय कारण दाखवून करायचा, हे त्याला सुचत नाही. महिनाभर जिने वकिलाच्या टेबलाशेजारी बसून अशा दोन तक्रारी तयार केल्या, तिला ते सांगावे लागत नाही. दोघांच्या पदवीपत्रावर तोच शिक्का असतो. बाहेरून पाहणाऱ्या पालकाला त्यांतला भेद कळायला मार्ग नाही, आणि म्हणूनच निकालाच्या पलीकडचे आकडे हवेत.

हे आकडे मिळवणे अवघड आहे, असे मानायचे कारण नाही. प्रवेशापासून पदवीपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक विद्यापीठाकडे असतो, म्हणजे पहिले तीन आकडे आपल्या परीक्षा विभागाच्या संगणकात आजही आहेत. सनद देताना बार कौन्सिल पदवीपत्र आणि गुणपत्रिका तपासून घेते, त्यामुळे कोण कुठल्या विद्यापीठातून आले ते तिला ठाऊक असते. नोंदणी क्रमांकाच्या आधारे दोन्ही याद्या जुळवण्यासाठी दोन संस्थांमध्ये एक करार पुरेल. बार परीक्षेचेही तसेच. उरतो शेवटचा आकडा, तिसऱ्या वर्षी कोण काय करतो, आणि तो कॉलेजने आपल्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून मिळवायचा. साठ जणांच्या तुकडीसाठी हे एका आठवड्याचे काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने संलग्नता देण्याचे आणि ती चालू ठेवण्याचे अधिकार विद्यापीठाला दिले आहेत. संलग्नता पुढे चालवताना ही एक अट घालण्यात काहीच अडचण दिसत नाही.

याला आक्षेप येतील, आणि ते ऐकून घ्यावे असेच आहेत. पहिला आक्षेप प्राचार्यांचा असेल: आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक नोकरदार असतात. कुणी पालिकेत आहे, कुणी बँकेत, कुणाला बढतीसाठी पदवी हवी, कुणाला घरच्या धंद्यासाठी कायदा समजून घ्यायचा आहे. ते सनद घेत नाहीत म्हणून कॉलेज वाईट कसे? मुद्दा रास्त आहे. उपाय इतकाच की प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याने आपला हेतू लिहून द्यावा आणि आकडे त्याप्रमाणे वेगळे दाखवावेत. तसे केले तर उलट कॉलेजचा फायदाच होईल, कारण वकिली करू इच्छिणाऱ्यांतले किती जण तिथवर पोहोचले हा खरा आकडा तेव्हाच दिसेल. ज्याला वकिली करायची आहे त्या मुलीलाही आपल्या वर्गात आपल्यासारखे किती असतील, हे आधी कळायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशा आकड्यांनी छोट्या शहरांतल्या कॉलेजांचे नुकसान होईल, हुशार मुले आणखीच मुंबईकडे पळतील, आणि जिथे आधीच कमी गुणांची, मराठी माध्यमातली, पहिल्या पिढीतली मुले येतात त्या संस्था बदनाम होतील. मला याची काळजी खरोखर वाटते. म्हणूनच आकड्यांसोबत त्या तुकडीचे प्रवेशाच्या वेळचे गुणही छापावेत, आणि एका वर्षाऐवजी लागोपाठ पाच वर्षांचा कल दाखवावा. कमी गुणांवर आलेल्या मुलांना सनदेपर्यंत नेणारे कॉलेज मग सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल, आणि ते बहुधा मुंबईबाहेरचेच असेल असा माझा कयास आहे. आज अशा कॉलेजला आपले काम दाखवायला जागाच नाही. प्रसिद्धी मिळते ती फलकांना आणि जाहिरातींना. कमी साधनांत मन लावून शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर यापेक्षा मोठा अन्याय दुसरा नाही.

तिसरा आक्षेप वकिलांकडूनच येतो: वकील घडतो तो सिनिअरच्या हाताखाली, कॉलेजचा त्यात वाटा किती? बराच आहे. सिनिअर ज्युनिअर निवडतो तो त्याने आधी पाहिलेला, आणि पाहिलेला असतो तो इंटर्नशिपच्या काळात. त्यातही सुरुवातीची वर्षे पैशाने फार कठीण असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना किमान विद्यावेतन ज्युनिअरला द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे, बंधन नाही. अर्ज लिहिता येणारा ज्युनिअर सिनिअरला पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो आणि त्याला मागता येते. ज्याला सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते तो मागू शकत नाही. मग वर्षभरात घरचा धीर सुटतो, मुलगा एखाद्या कॉल सेंटरला किंवा एजंटच्या कचेरीत जातो, आणि सनद कपाटात राहते. न्यायाधीश व्हायला तीन वर्षांची वकिली लागणार असेल तर ही तीन वर्षे काढण्याची शिदोरी कॉलेजनेच बांधून द्यायला हवी. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाचे सुरुवातीचे मूळ वेतन आज ७७,८४० रुपये आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ पासूनच्या बचाव वकील योजनेत तरुण वकिलांनाही मानधनावर घेतात. वाटा आहेत. पण त्यांच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तग धरणारेच त्यांवर चालू शकतात.

आणि असे म्हणणारेही भेटतील की बार परीक्षा आहेच, ती चाळणी पुरेशी आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला. पण ती परीक्षा शंभर बहुपर्यायी प्रश्नांची, आणि कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. शिवाय चाळणी शेवटी असून काय उपयोग? पाच वर्षे आणि फीचे पैसे गेल्यावर ती मुलाला कळते. मला ती खूण दारावर हवी आहे, बाहेर पडण्याच्या वाटेवर नको.

या हिशेबात विद्यापीठाचाही एक रकाना असावा, हे आपल्याला सांगणे भाग आहे. २०१७ मध्ये ऑनलाइन मूल्यांकनाच्या घोळात विधी शाखेचे निकाल महिनोन्महिने रखडले, त्याचे परिणाम तत्कालीन कुलगुरूंच्या गच्छंतीपर्यंत गेले, हे आपल्या विद्यापीठाच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेव्हा विद्यार्थ्यांचे एखादे वर्ष गेले असे म्हटले गेले. आता नुकसान त्याहून मोठे असेल, कारण न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षे मोजायला सुरुवात होते ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, आणि निकाल हातात आल्याशिवाय ती नोंदणी होत नाही. निकालाला तीन महिने उशीर म्हणजे उमेदवाराच्या वकिलीला तीन महिने उशीर. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सनदेची फी खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांवर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणली. गरिबाच्या वाटेतला एक मोठा दगड न्यायालयाने उचलला. निकाल वेळेवर लावून दुसरा दगड आपण उचलू शकता. म्हणून कॉलेजांच्या आकड्यांशेजारी शेवटच्या सत्राची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत किती दिवस गेले, तेही छापावे.

तोवर पसंतीक्रम भरणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगेन की हा हिशेब तुम्ही स्वतः मागा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एकदा नव्हे तर दोनदा, कामाच्या दिवशी, वर्ग चालू असायच्या वेळेला जा आणि वर्गात किती जण बसलेत ते पाहा. ग्रंथालयात भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता यांवरची पुस्तके आहेत का विचारा, कारण हे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत आणि जुन्या दंड संहितेच्या प्रतींवर पुढची परीक्षाही निघणार नाही आणि पुढचा जामीनही होणार नाही. बार कौन्सिलची मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते लेखी पाहा. गेल्या तीन वर्षांत सनद घेतलेल्या कुणाही पाच जणांना भेटवा, असे प्राचार्यांना नम्रपणे सांगा. पाच जण सापडले तर कॉलेज बहुधा चांगले आहे. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

कुलगुरू महोदय, हे एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने दारोदार फिरून शोधायचे काम नाही. पुढच्या वर्षीचे पसंतीक्रमाचे अर्ज उघडण्याआधी, निदान ठाणे जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयांपुरते तरी, हे आकडे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यावेत, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपला,
या तीन शहरांतल्या विद्यार्थ्यांचा एक हितचिंतक